रविवारचा शेतकरी आठवडे बाजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात, महापालिकेच्या मोकळ्या मैदानावर दर रविवारी सकाळी शेतकरी आठवडे बाजार भरतो. आधी काही वर्षं मी तिथे फक्त भाजी घ्यायला जायचे. आता फाटकाजवळच्या टेबलापाशी मदतीला बसते. नवीन येणारी माणसं तिथे थांबून जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. वेळा आणि पद्धती आमच्या बाजाराच्या आहेत. तुमच्या भागात थोडा फरक असेल.

हा बाजार मंडईपेक्षा वेगळा कसा?

मंडईत भाजी चार हातांतून फिरून येते. शेतकरी माल मार्केट यार्डात पाठवतो, तिथे अडत्या लिलाव करतो, घाऊक व्यापारी उचलतो, मग किरकोळ विक्रेता आणि शेवटी आपण. प्रत्येक टप्प्यावर हमाली, तोलाई, वाहतूक आणि नफा चढत जातो. आठवडे बाजारात शेतकरी किंवा त्याच्या गावचा गट स्वतः गाळ्यावर उभा असतो. मधलं कुणी नसतं.

खेड्यापाड्यांत आठवडे बाजार पिढ्यानपिढ्या भरतात. गावाचा बाजाराचा वार कोणता, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत असतं. शहरात मात्र शेतकऱ्याला असं थेट विकणं सोपं नव्हतं. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, म्हणजे यार्डाबाहेर विकायला मोकळीक मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत विधान भवनाच्या आवारात रविवारचा शेतकरी बाजार सुरू झाला. शेतमालाच्या विक्रीचं काम बघणाऱ्या राज्याच्या पणन मंडळाने शेतकरी बाजारांच्या या अभियानाला संत सावता माळी यांचं नाव दिलं आहे. माढा तालुक्यातल्या अरणचे हे संत मळ्यात राबता राबताच विठ्ठलाला भजत. या कामाला याहून योग्य नाव मला सुचत नाही.

किती वाजता यावं?

साडेसातच्या आत. पालेभाजी हवी असेल तर सातलाच.

याचं कारण आमच्याकडे मेथी आणणाऱ्या मावशींकडून ऐका. शनिवारी ऊन कललं की त्या आणि त्यांच्या जाऊबाई मेथी उपटायला घेतात. अंधार पडल्यावर पडवीत बसून जुड्या बांधतात, केळीच्या ओल्या सोपटाने. मग जुड्या मुळं आत आणि पाला बाहेर अशा गोल रचून वर ओलं गोणपाट टाकतात. रात्री दोनला गावातला टेम्पो निघतो, त्यात पाच घरांचा माल असतो. पहाटे पाचला गोणपाट उचललं की आतून थंड वाफ येते. पाला असा ताठ असतो की बोटांत कुरकुरतो. हीच जुडी अकरा वाजता उन्हात मान टाकते. मेथी तीच असते, पण जे सात वाजता मिळतं ते अकराला मिळत नाही.

कांदे, बटाटे, लसूण, डाळी, गूळ घ्यायचा असेल तर दहालाही या. गर्दी ओसरलेली असते आणि बोलायला निवांत वेळ मिळतो. बारापर्यंत सगळं आवरतं.

इथे भाव कमी असतो का?

बहुतेक वेळा दारावरच्या हातगाडीपेक्षा कमी असतो, पण नेहमी नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. स्वस्ताईच्या आशेने आलेला माणूस एका महाग टोमॅटोवरून बाजार सोडून जातो.

टोमॅटोचंच घ्या. नारायणगावला आवक वाढली की यार्डात क्रेटचा भाव असा कोसळतो की तोडणीची मजुरीही सुटत नाही. अशा वेळी इथला शेतकरी यार्डातल्यापेक्षा थोडे जास्त मागतो, तरी तुम्हाला ते दुकानापेक्षा कमी पडतात. दोघांचंही बरं होतं. उलट आवक घटली की सगळीकडेच भाव चढतो आणि इथेही चढतो. टेम्पोचं भाडं आणि दोन माणसांचा अख्खा दिवस याच मालातून निघायचा असतो, त्यामुळे घाऊक भावाशी तुलना करू नका. त्याच भाजीच्या, त्याच दिवशीच्या किरकोळ भावाशी करा.

आणि टिकण्याचाही हिशेब धरा. दारावरची कोथिंबीर दोन दिवसांत पिवळी पडते, इथली मी आठवडाभर वापरते.

घासाघीस करावी का?

भाव विचारावा, दोन गाळे फिरून बघावं, जास्त घेणार असाल तर "पाच किलो घेते, काय लावाल?" असंही म्हणावं. त्यात गैर काही नाही. बाजार म्हटला की बोलणं आलंच.

पण दहा रुपयांच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी अडून बसू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या जुडीमागे बियाणं आहे, पाण्याची पाळी आहे, दोन खुरपण्या आहेत आणि रात्रीचं जागरण आहे. यार्डात त्याला भाव ठरवता येत नाही. लिलावात जो निघेल तो घ्यावा लागतो. आपल्या मालाचा भाव आपल्या तोंडाने सांगण्याची संधी त्याला आठवड्यातून एकदा, इथेच मिळते.

सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. त्या वेळी तरी मोडता घालू नका. पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकणारी माणसं आहेत ही. तुम्ही नेमाने येऊ लागलात की न मागता वरून चार मिरच्या, मूठभर कढीपत्ता पिशवीत पडतो.

समोरचा माणूस खरंच शेतकरी आहे, हे कसं ओळखायचं?

टेबलापाशी सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. दुसऱ्या एका बाजारात मी फसले होते. गाळ्यावर "आमच्या शेतातून थेट" अशी पाटी, मी तीन आठवडे तिथूनच भाजी घेतली. चौथ्या आठवड्यात क्रेट सरकवताना खाली यार्डातल्या गाळ्याची पट्टी दिसली. भाजी वाईट नव्हती, पण मी ज्यासाठी पैसे देत होते ते हे नव्हतं. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी आधी गाळ्यावरचे प्रकार मोजते. एका घरच्या रानात एका वेळी चार-सहा पिकं असतात, पंचवीस नसतात. मग आकार बघते. एकाच रानातली काकडी लहान-मोठी, वाकडी-सरळ अशी मिसळून येते. सगळी एका मापाची असेल तर ती कुठेतरी निवडून आलेली आहे. आणि मोसम. मे महिन्यात हिरवा वाटाणा आणि सोबत सफरचंद असेल तर पुढे विचारायची गरजच नाही.

सर्वांत चांगली कसोटी गप्पांची. "लागण कधीची? पाणी कुठलं? अजून किती तोडे निघतील?" शेतकरी याची उत्तरं थांबून, हातवारे करून, सविस्तर देतो. ज्याने पीक वाढवलेलं नाही तो विषय बदलतो.

एक मात्र लक्षात ठेवा. गावातला एक जण पाच-दहा घरांचा माल घेऊन आला असेल तर तो दलाल नव्हे. गट शेती किंवा शेतकरी उत्पादक कंपनी अशीच चालते. प्रत्येकाने एक दिवस मोडून शहरात येणं परवडत नाही. गाळा देताना आम्ही सातबारा किंवा गटाचे कागद बघतो. शंका आली तर टेबलापाशी येऊन सांगा, गाळ्यासमोर वाद घालू नका.

"सेंद्रिय" लिहिलेलं असतं. खरं धरायचं का?

नुसत्या पाटीवरून नाही. सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या दोन पद्धती आहेत. एकीत बाहेरची संस्था येऊन तपासते. दुसरीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात, तिला सहभागी हमी पद्धत म्हणतात. पॅकबंद मालावर सेंद्रिय प्रमाणीकरणाचं चिन्ह बघा. छोट्या शेतकऱ्याने स्वतःचा माल थेट तुम्हाला विकला तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणजे कागद नाही म्हणून तो खोटं बोलतोय असंही नाही.

मी "सेंद्रिय आहे का?" असं विचारतच नाही, कारण उत्तर "हो"च येतं. मी विचारते, "शेवटची फवारणी कधी आणि कशाची?" आमचे एक वांगीवाले काका सरळ सांगतात, "शेंडेअळी आली की मारावं लागतं, पण मारल्यावर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस गेल्याशिवाय तोडा करत नाही." मी त्यांच्याकडून डोळे झाकून वांगी घेते. असं सरळ बोलणारा माणूस मला मोठ्या पाटीपेक्षा जास्त खात्रीचा वाटतो.

भाजी हाताळून, नख लावून बघितली तर चालतं ना?

हाताळून बघा. नख मात्र लावू नका.

एका रविवारी मी दुधी विकणाऱ्या ताईंशेजारी बसले होते. सकाळी आणलेला कोवळा, अंगावर लव असलेला दुधी. पहिल्या बाईंनी नख रुतवलं आणि दुसराच उचलला. मग पुढच्यांनी, मग त्यापुढच्यांनी. दहा वाजेपर्यंत त्या एका दुधीवर अर्धचंद्रासारख्या अकरा खुणा होत्या, सगळ्या तपकिरी पडलेल्या, कडेला चीक सुकलेला. दुधी आतून अजून कोवळाच होता, पण घेणार कोण? ताईंनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हा आता आमच्याच घरी."

कोवळेपणा कळायला नख लागत नाही. कोवळ्या दुधीच्या अंगावर बारीक लव असते. भेंडीची टोकं मोडत बसू नका. लहान आणि एकसारख्या हिरव्या भेंड्या निवडा. वांग्याचा देठ हिरवा आणि साल तुकतुकीत हवी, वजनाला हलकं असेल तर बिया कमी. मक्याचं कणीस सोलून टाकून देऊ नका, वरून दाबलं की दाणे भरलेत का ते कळतं. आणि काही कळलं नाही तर विकणाऱ्यालाच सांगा, "आज रात्री करायचंय, तुम्हीच द्या." अशी दिलेली भाजी आजवर खराब निघालेली नाही.

घरून काय आणायचं? पैसे कसे द्यायचे?

कापडी पिशव्या, तीन तरी. जड मालाची वेगळी, पालेभाजीची वेगळी, आणि टोमॅटो-फळांसाठी एक टोपली किंवा डबा. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि आम्ही ती पाळतो.

बहुतेक गाळ्यांवर यूपीआय चालतं, पण गर्दीच्या वेळी रेंज जाते. दहा-वीसच्या नोटा आणि सुट्टे ठेवा. सकाळी सातला पाचशेची नोट काढली की तो बिचारा चार गाळे फिरतो आणि रांग थांबते.

वजनाबद्दल शंका आली तर?

काटा शून्यावर आहे ना ते माल टाकण्याआधी बघा. काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीचा शिक्का असावा लागतो. आमच्या टेबलावर एक तपासलेला काटा कायम ठेवलेला असतो, तिथे पुन्हा मोजून घ्या. जुडी आणि वाटा यांना वजन नसतं, ते नजरेनेच घ्यायचे.

कोणत्या महिन्यात काय घ्यायला यावं?

घरून यादी करून येऊ नका, हे माझं पहिलं सांगणं. बाजार बघा आणि मग आठवड्याचा स्वयंपाक ठरवा.

थंडीत बाजार भरभरून असतो. मेथी, पातीचा कांदा, चाकवत, चुका, करडई, गाजर, पावटा, वालपापडी. डिसेंबर ते फेब्रुवारी हुरडा येतो. गूळभेंडी ज्वारीचा मिळाला तर सोडू नका, आणि त्याच गाळ्यावर शेंगदाणा-लसणाची चटणी असते तीही घ्या. हरभऱ्याचे डहाळे, बोरं, ऊस, तिळगुळाचं सामान यांमुळे भोगीच्या आधीचा रविवार वर्षातला सर्वांत रंगीत. महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरीही याच दिवसांत येते. पुरंदरचं अंजीर वर्षात दोनदा येतं, हिवाळ्यात खट्टा बहार आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मीठा बहार. नावाप्रमाणेच दुसरा जास्त गोड. या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

पावसाळ्यात पुरंदरचाच वाटाणा आणि सीताफळ. सीताफळ घेताना डोळे उघडलेलं, खवल्यांमधली रेघ पिवळसर झालेलं बघा, घरी दोन दिवसांत तयार होतं. गणपतीत ऋषिपंचमीच्या आधी बैलाच्या कष्टाविना पिकवलेल्या भाज्यांची मागणी असते. अळू, लाल माठ, सुरण, चवळी, भोपळा, परसातली भेंडी. त्या रविवारी कितीतरी गाळ्यांवर पूर्ण भाजीचा एकेक वाटाच लावून ठेवलेला असतो.

रानभाज्या कधी येतात? करायच्या कशा?

पहिला पाऊस झाला की मुळशी, मावळ, भोरकडच्या बायका पाट्या घेऊन येतात. या पाट्या मला अख्ख्या बाजारात सर्वांत मोलाच्या वाटतात. कारण हे कुणी पेरलेलं नसतं. ते ओळखायचं आणि शिजवायचं ज्ञान त्या बायकांच्या हातात आहे. आपण घेणं थांबवलं तर त्यांच्या लेकी ते शिकणार नाहीत.

सुरुवात टाकळ्याने करा. कोवळी पानं, भरपूर कांदा-लसूण, वरून ओलं खोबरं. कुर्डू आणि कवळाही सोप्या. करटोली कारल्यासारखी चिरायची, पण ती कडू नसते. फोडशीची मधली टणक दांडी काढून बाकी बारीक चिरायची, भजीही छान होतात. भारंगी कडवट, ती उकळून पाणी टाकून मग परतायची.

शेवळांना मात्र जपा. नीट केली नाहीत तर घशाला भयंकर खाज सुटते. त्यांच्यासोबत काकडं नावाची छोटी आंबट रानफळं मिळतात, ती बरोबरच घ्यायची. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ हात सैल सोडून घाला. आणि विकणाऱ्या आजींना कृती विचारूनच पैसे द्या. रानात जाऊन स्वतः तोडायचा मोह मात्र टाळा, सारख्या दिसणाऱ्या दोन पानांपैकी एक विषारी असू शकतं.

हापूस खरा आहे ना?

एप्रिल-मेमध्ये कोकणातले काही बागायतदार पेट्या घेऊन येतात. हापूसचं भौगोलिक मानांकन २०१८ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. बागेचं गाव विचारा आणि फळ देठाजवळ हुंगा. वास आला नाही तर घेऊ नका. कॅल्शियम कार्बाईडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूला परवानगी आहे. मी अढीतलाच घेते, थोडा कच्चा, आणि घरी पेंढ्यात पसरते. रोज एकदा हात फिरवून डागाळलेला बाजूला काढायचा, नाहीतर शेजारचे चार घेऊन जातो.

आणलेली भाजी आठवडाभर टिकवायची कशी?

धुऊन ठेवू नका. पालेभाजी निवडून, कोरडी, सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. कोथिंबिरीची मुळं पाण्याच्या पेल्यात. टोमॅटो बाहेरच ठेवा. कांदे-बटाटे एकत्र ठेवू नका, बटाट्यांना लवकर कोंब येतात. आणि स्वयंपाकाचा क्रम लावा. रविवार-सोमवार पाला, मग वांगी-भेंडी-गवार, शेवटी दुधी, भोपळा, सुरण.

मुलांना आणू का?

जरूर आणा. त्यांच्या हातात वीस रुपये आणि एक पिशवी द्या आणि स्वतःची भाजी स्वतः घेऊ द्या. मातीसकट बीट बघून "हे जमिनीत असतं?" असं विचारणारा सहा वर्षांचा मुलगा आता दर रविवारी त्या गाळ्यावर सर्वांत आधी पोचतो. कुत्री मात्र घरी ठेवा, माल जमिनीवर मांडलेला असतो.

मला गाळा लावता येईल का?

शेतकरी असाल तर सातबारा आणि ओळखपत्र घेऊन टेबलापाशी या. लोणची, पापड, मसाले विकणाऱ्या बचत गटांना अन्नसुरक्षा नोंदणी लागते, पाकिटावर तो क्रमांक छापलेला हवा. नव्या ठिकाणी बाजारच सुरू करायचा असेल तर गुलटेकडीला पणन मंडळाच्या कार्यालयात चौकशी करा. पण आधी जागा आणि पाणी यांची सोय बघा. शंभर घरं नेमाने येतील का, हेही सोसायट्यांत फिरून विचारा. पहिले दोन महिने गर्दी होते, मग लोक झोपून राहतात आणि टेम्पोचं भाडं अंगावर पडतं. चांगले बाजार असेच बंद पडलेले मी बघितले आहेत.

पुढच्या वेळी अमुक भाजी आणा, असं सांगता येतं का?

येतं, आणि सांगावंच. पुढच्या रविवारसाठी हवं असेल तर गुरुवारपर्यंत फोन करा, तोडा शनिवारी होतो. जे त्यांच्या रानात नाहीच, त्यासाठी हंगामाआधी बोला.

मागच्या वर्षी आम्ही सात-आठ जणींनी अंबाडीची भाजी मागितली. एका काकांनी तुरीच्या कडेने दोन ओळी टाकल्या. पहिल्या रविवारी वीस जुड्या आल्या आणि आठ वाजेपर्यंत संपल्या. यंदा त्यांनी चार ओळी टाकल्या आहेत. ज्यांनी मागितली आहे त्यांनी लवकर यावं, काका नावं घेऊन विचारतात.